कवटीची बेतणी

नुकत्याच जन्मलेल्या बालकाच्या मस्तकावरून हलकेच बोटे फिरविली, तर पुढच्या बाजूस मध्यावर एक मऊ जागा लागते. तिला टाळू म्हणतात. बाळाला न्हाऊमाखू घालताना घरातील वडीलधारी स्त्री याच ठिकाणी तेल घालून टाळू भरते. तेथे हाड अजून धरलेले नसते.

बालकाची कवटी अखंड नसते. ती हाडांच्या अनेक पातळ फळ्यांची बनलेली असते व त्या फळ्या चिवट पडद्यांनी एकमेकींशी सांधलेल्या असतात. या सांध्यांना शिवणी म्हणतात. निसर्गाने ही शिवण कच्ची ठेवली आहे, ती उगीच नव्हे. पहिल्या वर्षात मेंदू झपाट्याने वाढतो. तो आतून रेटतो आणि कवटी त्याच्या मापाने मोठी होत जाते.

परंतु सुमारे 2,000 ते 2,500 बालकांमागे एकाची एखादी शिवण वेळेआधीच पक्की होते. मग कवटीची वाढ एका दिशेने खुंटते व भलत्याच दिशेने होऊ लागते. माथ्यावरची शिवण मिटली, तर मस्तक होडीसारखे लांबट होते; कपाळावरची मिटली, तर कपाळ पुढे निमुळते येते. कित्येकदा आतील मेंदूवर दाबही पडतो. मालिश करून डोके गोल करता येते, अशी काहींची समजूत असते; पण हाडाने जुळलेली शिवण मालिशने सुटत नाही. तेथे शस्त्रच लागते.

फ्रान्समधील शस्त्रवैद्य पॉल तेसिए यांनी 1967 साली रोम येथील परिषदेत कवटी व चेहरा यांच्या अशा अवघड शल्यक्रिया जगापुढे मांडल्या. हाड काढावयाचे, कापून त्याला नवा आकार द्यावयाचा व पुन्हा बसवावयाचे, असे हे काम आहे. किती कापावे, तुकडा कोठे ठेवावा, हे त्या काळी शस्त्रवैद्याची नजर व हात हेच ठरवीत. इकडे वेळ मात्र थोडा असे. आठ किलो वजनाच्या बालकाच्या अंगात रक्त ते किती? सुमारे 640 मिलिलिटर! कापलेल्या हाडातून ते झिरपत असता, तुकडे उलटसुलट लावून पाहण्यास सवड कोठून मिळणार?

कापडाला कात्री लावण्यापूर्वी शिंपी ते बेततो. कवटीही तशी आधी बेतता आली तर? त्यासाठी प्रथम ती न उघडता पाहता येणे अवश्य होते. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने 1971 साली लंडनमध्ये हे साधले. क्ष-किरणांच्या साहाय्याने हे यंत्र काकडीच्या चकत्यांप्रमाणे मस्तकाचे एकेक पातळ चित्र घेते. 1983 च्या सुमारास अमेरिकेतील सेंट लुईस येथे मार्श व व्हॅनियर या वैद्यांनी संगणकाकडून अशा चकत्या एकीवर एक रचून घेतल्या व पडद्यावर अखंड कवटी उभी केली.

आज शस्त्रवैद्य व अभियंता मिळून त्या चित्रातील कवटी कापतात. त्याच वयाच्या निरोगी बालकाच्या कवटीशी ती ताडून पाहतात, तुकडे फिरवितात, चुकले तर पुसून पुन्हा कापतात. तेथे चूक झाली, तरी रक्ताचा थेंबही सांडत नाही. बेत ठरला, की त्रिमित छपाईच्या यंत्रावर प्लॅस्टिकचा साचा घडवितात. तो निर्जंतुक करून हाडावर ठेवला, की करवत कोठून चालवावयाची ते नेमके कळते. शेवटी तुकडे लहान पट्ट्यांनी जोडतात. या पट्ट्या बहुधा अशा पदार्थाच्या असतात, की त्या कालांतराने शरीरातच विरून जातात.

तथापि संगणकाला सारे कळते, असे नाही. कातडी किती ताणली जाईल, रक्त कोठे अधिक वाहील, हे त्या चित्रावरून पुरते उमगत नाही. शिवाय बाळ वाढत असते. फार दिवस लोटले, तर साचा डोक्याला बसत नाही. अशा वेळी शस्त्रवैद्य तो साचा बाजूस ठेवतो व आपल्या अनुभवाने काम पुरे करतो. क्ष-किरण कोवळ्या शरीरास अपायकारक असल्यामुळे चित्रेही जरुरीपुरतीच घ्यावी लागतात.

कातडीवरील छेद बहुधा एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, माथ्यावरून नागमोडी घेतात. केस वाढले, की त्यांच्या आड तो व्रण दिसेनासा होतो.