वारुळाची माती आणि आपले रान



वारुळाची माती म्हणजे सोनं, ती रानात पसरली की ऊस जोर धरतो, असे आपल्याकडे पुष्कळजण मानतात. हलक्या, मुरमाड रानात यात तथ्यही आहे. पण दोन हंगामांपूर्वी काळ्या रानातल्या एका सभासदाने लागणीआधी बांधाकडचे मोठे वारूळ फोडून पाच गुंठ्यांत पसरले आणि नेमका तेवढाच पट्टा पिवळा पडला. आम्ही युरियाचा जादा हप्ता द्यायला सांगितला. ऊस काही हिरवा झाला नाही. चूक आमची होती.

वारूळ बांधते ती वाळवी. नागोबा आयत्या बिळावरचा. ही वाळवी नुसत्या वरच्या मातीवर भागवत नाही. खोल जाऊन ओली, चिकण माती कणाकणाने तोंडात धरून वर आणते, लाळेत कालवून लिंपते. म्हणून वारुळात चिकणमातीचे प्रमाण शेजारच्या रानापेक्षा जास्त, आणि वाळल्यावर ते पहारीलाही दाद देत नाही. खाली चुनखडी असेल तर चुनाही वर येतो, सामू वाढतो. त्यात खत भरपूर असते ही समजूत मात्र फारशी खरी नाही. काडीकचरा वाळवी आत नेते तो बुरशीच्या बागेसाठी. भिंतीची माती बहुतेक तळाचीच.

त्या पट्ट्यात हेच घडले. नत्र कमी पडले की जुनी पाने आधी पिवळी होतात. इथे कोवळी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या होत्या. म्हणजे लोहाची भूक! चुन्यामुळे मातीतले लोह पिकाला मिळत नाही. पुढे हिराकस शेणखतात मुरवून दिले, फवारले, तेव्हा खोडव्याला रंग आला.

माती परीक्षणाचा नमुना घेताना बांध, उकिरडा, झाडाखालची जागा आपण सोडतो, तसेच वारूळ आणि मोडलेल्या वारुळाची जागाही सोडा. तिथली खोरंभर माती मिसळली तरी सगळ्या रानाचा अहवाल चुकतो. वारूळ पसरायचेच असेल तर त्याचा अर्धा किलो नमुना वेगळ्या पिशवीत, चिठ्ठीवर 'वारूळ' लिहून, आधी गट ऑफिसात द्या. आणि वारूळ फोडताना राणीपर्यंत खणा. नुसते वरून सपाट केले तर ती खाली जिवंत राहते, आणि मग वाळवी लागणीच्या टिपऱ्या पोखरायला येते.