झोपेचे तास आणि गाढ झोप
आठ तास अंथरुणात असूनही सकाळी अंग जड वाटते का? मग प्रश्न तासांचा नसून गाढ झोपेचा असू शकतो. वयाबरोबर ती कमी होत जाते. बंगळुरूच्या निम्हान्समधील संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सुदर्शन क्रिया किंवा विपश्यना नियमित करणाऱ्या मध्यमवयीन साधकांमध्ये मात्र ही घट दिसली नाही. ‘नियमित’ हा शब्द विसरू नका; एका दिवसाचे ध्यान म्हणजे झोपेची गोळी नव्हे.

उठण्याची वेळ रोज एकच ठेवा, रविवारीसुद्धा. संध्याकाळची फिल्टर कॉफी टाळा (बंगळुरूत हे कठीणच!), तिच्यातील जवळजवळ निम्मे कॅफीन पाच तासांनंतरही शरीरात असते. झोप येत नसेल तर कूस बदलत पडून राहू नका. उठा, मंद दिव्यात शांत बसा आणि डोळे जड झाले की अंथरुणावर या.