सूज, पोपडे आणि वजनकाटा

पावसाळा सरत आला, की आमच्या मनवेलपाड्यातल्या एखाद्या जुन्या इमारतीची भिंत पाहा. ओल मुरून रंगाला फुगवटे आलेले असतात. भिंत वाळू लागली, की पोपडे गळतात. सुजवटी या कुपोषणाच्या विकारात बालकाची कातडी निघते, तिला वैद्यकाच्या पुस्तकांत रंगाच्या पोपड्यांचीच उपमा देतात. हा विकार 1933 साली डॉ. सिसिली विल्यम्स यांनी आफ्रिकेतील आजच्या घाना देशातून जगापुढे मांडला. पण तो दूरचा समजू नका. 1992 मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरात कुपोषणाने बालके दगावली. तो भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. 2014 पासून तो आपल्याच पालघर जिल्ह्यात आहे.

पाणी कातडीखाली येते कसे? केशवाहिनीच्या आरंभी रक्ताचा दाब सुमारे 35 मिलिमीटर पारा असतो, शेवटी 15. हा दाब पाणी बाहेर लोटतो. रक्तातील प्रथिने मात्र सुमारे 25 मिलिमीटरच्या जोराने ते आत ओढतात. प्रथिने घटली, की ओढ कमी पडते आणि पाणी बाहेरच साचते. सुजवटीत एवढेच घडत नाही. शरीरात मीठही साठून राहते. वर ताणलेली कातडी, आणि तिची डागडुजी करायला अन्न नाही! मग ती काळवंडते, तडकते, सोलून निघते. उघड्या जागेतून ऊब जाते, जंतू शिरतात.

आता खरी फसगत पाहा. एक लिटर पाण्याचे वजन एक किलोग्रॅम. आठ किलोच्या मुलाच्या अंगात लिटरभर जादा पाणी साचले, तर काटा नऊ दाखवील. गाल फुगलेले, म्हणून शेजारीण म्हणेल, “बाळ गुटगुटीत आहे हो!”

म्हणून काट्याबरोबर अंगठाही वापरतात. दोन्ही पावलांच्या वरच्या बाजूस तीन सेकंद दाबून धरायचे. बाजूला सरलेले पाणी परतायला वेळ लागतो, म्हणून खळगा तसाच राहतो. स्वतःच्या पावलावर करून पाहा. तेथे तो राहणार नाही. कुपोषित बालकाच्या दोन्ही पावलांवर राहिला, तर काटा काहीही सांगो, कुपोषण तीव्र समजतात व बालकास तातडीने दवाखान्यात नेतात.

तेथे योग्य आहार सुरू झाल्यावर पहिले काही दिवस वजन उतरते. आई घाबरते. उतरत असते ते पाणी.