‘मग खरा अर्थ कोणाचा?’ : थिऑसॉफीतील मतभेद आणि आदर

आपल्या देवळातील रविवारच्या गीतावर्गात मागच्या हिवाळ्यात एक वाद झाला. एका काकांनी ज्ञानेश्वरीच्या आधारे श्लोकाचा अर्थ सांगितला. दुसऱ्यांनी लोकमान्यांचे गीतारहस्य पुढे करून म्हटले की येथे भक्तीपेक्षा कर्मयोगच अभिप्रेत आहे. मागे बसलेल्या एका पंधरा वर्षांच्या मुलाने विचारले, “मग खरा अर्थ कोणाचा?” आम्ही मोठ्यांनी नेहमीचे उत्तर दिले, “अरे, सगळेच बरोबर.” त्याचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नाही. दोन माणसे दोन वेगळ्या गोष्टी सांगत असताना ‘सगळेच बरोबर’ म्हणणे हा पुष्कळदा आदर नसतो, विषय टाळणे असते.

या प्रश्नाशी एका संस्थेने फार जवळून झुंज घेतली आहे. ती म्हणजे थिऑसॉफिकल सोसायटी. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत पुष्कळ सुशिक्षित घरांत तिचे नाव परिचित होते. ‘थिऑसॉफी’ला ते ‘ब्रह्मविद्या’ म्हणत. योगायोग असा की तिची स्थापना आपल्या देवळापासून तासाभराच्या अंतरावर, न्यूयॉर्क शहरात झाली, १८७५ साली. मॅडम ब्लाव्हाट्स्की, कर्नल ऑल्कॉट आणि विल्यम जज हे तिचे प्रमुख संस्थापक. पहिले दोघे फेब्रुवारी १८७९ मध्ये मुंबईला आले आणि गिरगावात राहू लागले. ‘द थिऑसॉफिस्ट’ हे मासिक त्याच वर्षी मुंबईतून निघाले. दामोदर मावळणकर हा तरुण तेथेच त्यांना मिळाला आणि त्याने जातीची बंधने सोडून दिली. डिसेंबर १८८२ मध्ये मुख्य ठाणे मद्रासजवळ अड्यारला गेले.

संस्थेचे पहिले उद्दिष्ट वंश, धर्म, स्त्री-पुरुष, जात आणि वर्ण यांचा भेद न मानणारा बंधुभाव. दुसरे धर्म, तत्त्वज्ञान व विज्ञान यांचा तौलनिक अभ्यास. सत्यापेक्षा श्रेष्ठ धर्म नाही, हे तिचे ब्रीद. ऐकायला गोड आहे. पण थोडे थांबून पाहिले तर यातच भांडणाचे बीज आहे. सर्व धर्मांचा आदर करायचा आणि सत्य मात्र कोणत्याही धर्मापेक्षा वर ठेवायचे, तर ते सत्य काय हे ठरवायचे कोणी?

पहिला चटका लवकरच बसला. सुरुवातीला या मंडळींचे आर्य समाजाशी सख्य होते. स्वामी दयानंदांना वेद हेच अंतिम प्रमाण होते. ऑल्कॉट आणि ब्लाव्हाट्स्की यांनी १८८० साली श्रीलंकेत जाऊन बौद्धांचे पंचशील स्वीकारले. १८८२ साली संबंध तुटले. यात कोणी दुष्ट नव्हते. एकाला एकच ग्रंथ प्रमाण हवा होता, दुसऱ्यांना अनेकांतून अर्थ शोधायचा होता. हे दोघे एका गाडीला फार काळ जुंपता येत नाहीत.

मला जास्त शिकवून जातो तो टी. सुब्बाराव यांचा प्रसंग. हे मद्रासचे वकील, वेदान्ताचे गाढे अभ्यासक. डिसेंबर १८८६ मध्ये त्यांनी अड्यारच्या अधिवेशनात गीतेवर व्याख्याने दिली. थिऑसॉफीच्या पुस्तकांत माणसाची रचना सात तत्त्वांची सांगितली होती : स्थूल शरीर, लिंगशरीर, प्राण, काम, मनस्, बुद्धी आणि आत्मा. सुब्बाराव म्हणाले की ही विभागणी गैरसोयीची आहे. स्थूल, सूक्ष्म आणि कारण या तीन उपाधी आणि त्यांच्यापलीकडचा आत्मा अशी चारांची मांडणी अधिक योग्य. म्हणजे त्यांनी संस्थेच्या मुख्य शिकवणुकीलाच भर अधिवेशनात हात घातला. ब्लाव्हाट्स्कीबाईंनी उत्तर दिले, त्यांनी प्रत्युत्तर दिले, आणि १८८७ साली हा सगळा वाद संस्थेच्याच मासिकात छापला गेला. गोष्टीचा शेवट गोड नाही. १८८८ साली सुब्बाराव संस्थेतून बाहेर पडले आणि १८९० साली तरुण वयातच वारले. पण वाचकांपुढे दोन्ही बाजू राहिल्या. आज कोणीही ते लेख शेजारी-शेजारी ठेवून वाचू शकतो. आपल्या किती मंडळांच्या अंकांत असे घडते?

पुढे डिसेंबर १९२४ मध्ये संस्थेच्या महामंडळाने विचारस्वातंत्र्याचा एक ठराव केला. त्याचा आशय असा : कोणतेही मत, ते कोणीही शिकवलेले असो, सभासदावर बंधनकारक नाही, ब्लाव्हाट्स्कींपासून कोणाही लेखकाला आपली शिकवण दुसऱ्यावर लादण्याचा अधिकार नाही. मात्र हे स्वातंत्र्य सभ्यतेने आणि दुसऱ्याचा विचार करून वापरावे. संस्थापिकेचे नाव घेऊन असे लिहिणे सोपे नव्हते. त्या वेळी अध्यक्षा ॲनी बेझंट होत्या आणि जे. कृष्णमूर्तींच्या रूपाने जगद्गुरू प्रकट होणार, अशी त्यांची श्रद्धा होती. संस्थेतल्याच अनेकांना ती मान्य नव्हती.

या ठरावाची कसोटी पाच वर्षांत लागली. ३ ऑगस्ट १९२९ रोजी हॉलंडमध्ये ओमेन येथे कृष्णमूर्तींनी, ज्या ‘स्टार’ संघाचे ते प्रमुख होते, तो संघच विसर्जित केला. सत्याकडे कोणत्याही संघटनेच्या वाटेने जाता येत नाही, असे त्यांनी सांगितले. ८१ वर्षांच्या बेझंटबाई समोर बसल्या होत्या. ज्याला आईच्या मायेने वाढवले त्याच्या तोंडून हे ऐकताना त्यांना काय वाटले असेल, याची कल्पना पालकांनी करून पाहावी. त्यांनी त्याला टाकले नाही. आपली श्रद्धाही सोडली नाही. मला वाटते, आदर म्हणतात तो हा : स्वतःचे मत पातळ न करता दुसऱ्याला त्याचे मत ठेवू देणे.

थिऑसॉफीच्या सगळ्याच गोष्टी मला पटतात असे मुळीच नाही. पुराणकथांतून गूढ अर्थ काढताना तिचे लेखक कधी कधी मूळ कथेला फारच ताणतात. पण ‘हा माझा अर्थ आहे, ग्रंथाचा एकमेव अर्थ नव्हे’ एवढे म्हणायची मुभा त्या ठरावाने दिली, आणि वर्गात नेमके तेच हवे होते.

वाद झाल्यानंतरच्या रविवारी आम्ही रीत बदलली. श्लोक आधी मूळ संस्कृतात वाचायचा आणि शब्दार्थ सर्वांनी मिळून ठरवायचा. मग ज्ञानेश्वर काय म्हणतात, टिळक काय म्हणतात, दोघे नेमके कोणत्या शब्दापाशी वेगळे होतात, ते फळ्यावर लिहायचे. मतभेद कोठे आहे हे कळले की आवाज आपोआप खाली येतो. काकांचे म्हणणे अजून तेच आहे आणि दुसऱ्यांचेही. तो मुलगा नेमाने येतो. मागच्या रविवारी त्याने दोघांनाही न पटणारा तिसराच अर्थ सांगितला आणि त्यावर चहा थंड होईपर्यंत चर्चा चालली.