ऊस तोडणारी माता

उजनीच्या पाण्याने करमाळा तालुक्यात ऊस वाढला. तो तोडण्यास दर हंगामी परगावची बिऱ्हाडे येतात. वाचकहो, तेथे नवरा-बायको मिळून 'एक कोयता' मोजतात. मुकादमाची उचल दोघांनी फेडावयाची, खाडा झाल्यास बहुधा दंड. मग बाळंतिणीने कोपीत किती दिवस निजावे? कारखान्यांतील स्त्रियांसाठी मुंबई इलाख्यात प्रसूतिसाहाय्याचा कायदा १९२९ सालीच झाला. २०१७ साली देशात पहिल्या दोन अपत्यांसाठी भरपगारी रजा २६ आठवड्यांची झाली. परंतु जिचे नाव कोणाच्याच हजेरीपटावर नाही, तिला रजा द्यावी कोणी? मालक मुकादमाकडे बोट दाखवितो, मुकादम तिच्या नवऱ्याकडे! तोवर बांधावरची झोळी तिची थोरली मुलगी हलविते. तिची शाळा गावीच राहिलेली असते.