विहिरीवरचे संभाषण



उपवासकाळासाठी धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांची एक छोटी नाटिका मी बसवत होते. विषय होता प्रभू येशू आणि शोमरोनी स्त्री (योहान ४). वेळ मिळाला होता दहाच मिनिटांचा. संहिता लांबत होती, म्हणून मी पेन घेऊन काटछाट केली. येशूची वाक्ये कापायला हात धजेना. मग कापली ती त्या बाईची. शेवटी तिच्या वाट्याला "होय, महाराज" एवढेच उरले.

ती भूमिका सातवीतली एक मुलगी करत होती. तालमीच्या दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "टीचर, मी घरी बायबलमध्ये वाचलं. ही बाई तर केवढी बोलते! इथं ती नुसती हो-हो करते. मग येशू तिच्याशी बोलतोय तरी कशाला?"

मला उत्तर देता आले नाही. घरी येऊन तो अध्याय पुन्हा वाचला. त्या वाचनातून जे सुचले, ते आज आपल्यापुढे ठेवत आहे.

बाई बोलते, आणि प्रभू तिला बोलू देतो

याकोबाच्या विहिरीवरील या संभाषणात प्रभू येशू सात वेळा बोलतो आणि ती स्त्री सहा वेळा. शुभवर्तमानांत प्रभूने एका व्यक्तीशी केलेले एवढे लांब संभाषण दुसरे सापडत नाही. आणि ती काही नुसत्या माना डोलावत नाही. तुम्ही यहुदी असून माझ्याकडे पाणी कसे मागता, असे ती विचारते. विहीर खोल, तुमच्याकडे पोहरा नाही, मग पाणी काढणार कशाने, हा तिचा रोखठोक हिशेब. आमच्या याकोबापेक्षा तुम्ही थोर का, असेही ती विचारून जाते. पुढे तर ती धर्माच्या गाभ्यालाच हात घालते. उपासनेचे खरे ठिकाण कोणते, आमच्या पूर्वजांचा डोंगर की तुमचे यरुशलेम?

प्रभू तिला गप्प करत नाही. तिच्या प्रत्येक प्रश्नावर संभाषण एक पायरी खोल उतरते. यहुद्यांची बाजू कोणती, हेही तो लपवत नाही. पण त्याच वेळी डोंगर आणि यरुशलेम या दोहोंच्या पलीकडची, आत्म्याने आणि खरेपणाने करायची उपासना तो तिला दाखवतो. तिने प्रश्न विचारला नसता, तर हे उत्तर तरी आपल्याला कोठून मिळाले असते?

आणखी एक गोष्ट पाहा. संभाषणाची सुरुवात प्रभू कशी करतो? पाणी मागून. जो जिवंत पाणी देणार आहे, तो आधी तहानलेला म्हणून हात पुढे करतो. कोणाच्या हातचे पाणी चालते आणि कोणाच्या हातचे नाही, हा प्रश्न आपल्या महाराष्ट्राला नवा नाही. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह करावा लागला. त्यामुळे "मला प्यायला दे" या मागणीचे मोल आपल्या लोकांना कोणी वेगळे समजावून सांगायला नको.

आपल्या मातीतील संवाद

गोष्ट संवादातून सांगायची ही रीत आपल्याकडे जुनी आहे. मावळातल्या आपल्या आज्या पहाटे जात्यावर बसत. दोघी समोरासमोर, खुंटा एकच. एकीने ओवी सुरू करायची, दुसरीने उचलून धरायची. त्या ओव्यांत बाई जात्याशी बोलते, भावाशी बोलते, सीतेशी आणि विठ्ठलाशीही बोलते. गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी मावळ-मुळशीपासून सुरुवात करून खेड्यापाड्यांतील अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या. मोठमोठ्या ग्रंथांत ज्यांना बोलायला जागा नव्हती, त्या बायांनी आपली जागा जात्यावर करून घेतली होती.

संत एकनाथांचे (१५३३–१५९९) "हिंदू-तुर्क संवाद" नावाचे भारूड आहे. त्यात एक हिंदू आणि एक मुसलमान कडाक्याने भांडतात. दोघेही एकमेकांच्या श्रद्धेतील नेमक्या अडचणीच्या जागी बोट ठेवतात. नाथ स्वतः हिंदू, पण तुर्काच्या तोंडी त्यांनी दिलेले आक्षेप लेचेपेचे नाहीत. आपल्या बाजूला सोपे जावे म्हणून त्यांनी दुसऱ्याची वाक्ये कापली नाहीत. म्हणूनच शेवटी ते दोघे एकमेकांना आलिंगन देतात, तेव्हा ते खरे वाटते. ज्याला मनातले बोलूच दिले नाही, त्याच्या आलिंगनाला काय अर्थ?

सासष्टीतील एक प्रश्न

नाथांच्याच काळात थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेज्विट धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आले आणि १६१९ मध्ये मरण येईपर्यंत तिकडेच राहिले. त्यांचे "ख्रिस्तपुराण" १६१६ साली रायतूरला छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ आहे. मूळ छपाई रोमी लिपीत होती. पुढे १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी पुण्यातून तो देवनागरीत आणला.

या ग्रंथाचा आरंभ एका प्रश्नाने होतो. सासष्टीतील एका देवळात रविवारी मुलांना धर्मशिक्षण चालले आहे. तेथे एक नवख्रिस्ती ब्राह्मण येतो आणि पाद्रीगुरूंना नम्रपणे विचारतो. शिकवण चांगली आहे, पण आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग आम्हाला वाचायला-ऐकायला दुसरे पुराण का देत नाही? पुढेही ऐकणारे शंका विचारतात आणि पाद्री उत्तरे देतात, अशा रीतीने कथा चालते. शब्दही ओळखीचेच, अगदी "वैकुंठ" धरून.

या प्रश्नात एक दुखरी जागा आहे, तीही आपण प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. त्या माणसाची पुराणे का बंद झाली होती? पोर्तुगीज सत्तेने सासष्टीतील देवळे १५६७ साली पाडली होती. जुन्या ग्रंथांवर बंदी होती. १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे पाच जेज्विट मारले गेले, आणि नंतर पोर्तुगीजांनी तेथील गावपुढाऱ्यांना ठार केले. संवाद खुंटला की दोन्हीकडची माणसे मरतात. स्टीफन्स हे सगळे जवळून पाहणारे होते. तरी त्या ब्राह्मणाचा प्रश्न त्यांनी गाळला नाही. ग्रंथाच्या दाराशीच तो ठेवला, आणि म्हणून चारशे वर्षांनंतरही तो आपल्याला ऐकू येतो.

आपल्या ख्रिस्तसभेनेही या भूतकाळाकडे पाठ फिरवलेली नाही. १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी ख्रिस्तसभेच्या लेकरांनी केलेल्या पापांबद्दल देवाकडे जाहीर क्षमा मागितली. इतर धर्मांच्या लोकांशी झालेल्या वर्तनाचाही त्यात समावेश होता. क्षमा मागणे हाही संवादातील एक शब्दच आहे, आणि कधीकधी पहिला शब्द तोच असावा लागतो.

घरातला संवाद

धर्माधर्मांतील संवाद म्हणजे विद्वानांची परिषद, असे पुष्कळांना वाटते. पण तो स्वयंपाकघरातही चालतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाईंच्या डोक्यावर आभाळ कोसळले. जवळजवळ पाच वर्षे दोघे वेगळे राहिले. पुढे त्या त्यांच्याकडे परतल्या, तरी सोवळे-ओवळे लगेच सुटले नाही. ते कसे सुटले, हे त्यांनी "स्मृतिचित्रे"त स्वतःचीच थट्टा करत सांगितले आहे. टिळक आपल्या पंथाचे नव्हते, पण त्यांची एक गोष्ट आपण ध्यानात ठेवावी. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. म्हणजे ख्रिस्ताकडे पोहोचल्यावर त्यांनी मागचा पूल मोडला नाही.

त्याच पुलावरून उलट दिशेनेही माणसे गेली. फादर गी डेल्यूरी या फ्रेंच जेज्विटांनी पंढरीच्या वारीचा आणि विठ्ठलभक्तीचा अभ्यास केला आणि १९५६ साली तुकोबांचे अभंग फ्रेंचमध्ये नेले. आपल्या इंद्रायणीकाठचे शब्द असे पॅरिसला पोहोचले. फादर मॅथ्यू लेदर्ले या जर्मन जेज्विटांनी पुण्यात "स्नेहसदन" उभारून सर्व धर्मांच्या लोकांना एकत्र बसायला जागा दिली.

ख्रिस्तसभा काय शिकवते?

पोप सहावे पॉल यांनी १९६४ च्या आपल्या पहिल्या परिपत्रकात संवादाला चार गुण लागतात असे सांगितले: स्पष्टता, सौम्यता, विश्वास आणि विवेक. पुढच्याच वर्षी, २८ ऑक्टोबर १९६५ रोजी, द्वितीय व्हॅटिकन परिषदेने इतर धर्मांविषयीचा जाहीरनामा काढला. त्या धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे, ते ख्रिस्तसभा नाकारत नाही, ही त्याची मुख्य शिकवण.

१९९१ च्या एका व्हॅटिकन दस्तऐवजात संवादाचे चार प्रकार दिले आहेत.

१. जीवनाचा संवाद – शेजारधर्म. सुखदुःखात एकमेकांकडे जाणे.
२. कृतीचा संवाद – पाणी, शाळा, आजारपण, अन्याय यांसाठी मिळून काम करणे.
३. विचारांचा संवाद – अभ्यासकांनी एकमेकांचा वारसा समजून घेणे.
४. धर्मानुभवाचा संवाद – आपण प्रार्थना कशी करतो, देवाला कसे शोधतो, हे एकमेकांना सांगणे.

येथे दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. पहिला, संवाद म्हणजे "सगळे सारखेच" असे म्हणणे. तसे असते तर बोलायचे तरी काय? विहिरीवर प्रभूने मतभेद झाकला नाही. दुसरा, संवाद म्हणजे समोरच्याला आपल्या धर्मात ओढण्याची युक्ती. आज आपल्या शेजाऱ्यांच्या मनात ही शंका कधीकधी असते, आणि ती असते म्हणून आपणही बोलायला कचरतो. मनात युक्ती ठेवून केलेले बोलणे हा संवाद नव्हेच. आपली श्रद्धा कोणी विचारली तर ती मोकळेपणाने सांगावी, आणि दुसऱ्याची तितक्याच मोकळेपणाने ऐकावी. पोप फ्रान्सिस यांनी ४ फेब्रुवारी २०१९ रोजी अबुधाबी येथे अल्-अझरच्या मुख्य इमामांबरोबर मानवी बंधुत्वाच्या दस्तऐवजावर सही केली, तेव्हा दोघांपैकी कोणीही आपली श्रद्धा दाराबाहेर ठेवून आले नव्हते.

आपल्या मावळात

आपण राहतो तो परिसर पाहा. कार्ल्याच्या बौद्ध चैत्यगृहाच्या दाराशीच एकवीरा आईचे मंदिर आहे. डोंगर चढणाऱ्यांत कोळी बांधव असतात, आणि बुद्धाला वंदन करणारेही असतात. भंडाऱ्यावर तुकोबा चिंतनाला बसत. वडगावात पोटोबा महाराजांचा उत्सव होतो. या सगळ्यांमध्ये आपले छोटेसे चर्च आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या वर्गातले, कंपनीतले, लोकलच्या डब्यातले सोबती वेगळ्या धर्माचे आहेत. काहींच्या तर घरातच दोन धर्म आहेत.

तरीही आपण त्यांच्याविषयी ज्या गोष्टी सांगतो, त्यांत त्यांना किती वाक्ये असतात? "त्यांच्यात असंच असतं" हे वाक्य आपण कितीदा बोलतो, आणि "तुमच्यात हे का करतात हो, काकू?" असे कितीदा विचारतो? पहिल्या वाक्यात शेजारी मुका आहे. दुसऱ्यात तो बोलू लागतो. तेही आपल्याविषयी असेच बोलत असतील, ही तक्रार खरी असेल. पण विहिरीवर आधी बोलला तो प्रभू, आणि तोही पाणी मागून.

त्या स्त्रीचे पुढे काय झाले ते आठवा. घागर तिथेच टाकून ती गावात गेली. तिचे ऐकून गावकरी आले, प्रभू दोन दिवस त्यांच्यात राहिला. शेवटी गावकरी तिला म्हणाले की आता आम्ही तुझ्या सांगण्यावरून नव्हे, तर स्वतः ऐकून विश्वास ठेवतो. एका बाईला बोलू दिले, आणि सारा गाव ऐकायला आला.

नाटिकेचे काय झाले, हे सांगायचे राहिले. त्या मुलीला तिची सहाही वाक्ये परत दिली. दहा मिनिटांची पंधरा झाली. फादर रागावतील असे वाटले होते. ते हसले आणि म्हणाले, "प्रभूलाही वेळ लागलाच होता की."

गटचर्चेसाठी प्रश्न

१. योहान ४:१–४२ एकाने येशूचे, एकाने स्त्रीचे बोलणे वाटून घेऊन मोठ्याने वाचा. तिचा कोणता प्रश्न आपलाही आहे?
२. या महिन्यात वेगळ्या धर्माच्या शेजाऱ्याला आपण कोणता प्रामाणिक प्रश्न विचारू शकतो? त्याने उलट विचारले तर काय सांगू?
३. आपल्या घरात कोणाची वाक्ये आपण कापतो – सुनेची, मुलांची, म्हाताऱ्या आईवडिलांची?

प्रार्थना

हे प्रभो, तू तहानलेला होऊन विहिरीच्या काठावर बसलास आणि परक्या स्त्रीचे बोलणे मनापासून ऐकलेस. आमच्या जिभेला सौम्यता दे, आमच्या कानांना धीर दे. ज्यांना आम्ही बोलू दिले नाही त्यांची क्षमा मागण्याचे बळ दे. आमच्या मावळातील सर्व शेजाऱ्यांना आशीर्वाद दे, आणि आम्हा सर्वांची तहान तूच भागव. आमेन.