गाजरगवत आणि बदलते हवामान

पावसाळ्यात शिंका सुरू झाल्या, की आमच्या नागापुरात बोट कारखान्यांच्या धुराकडे जाते. माझ्या मते रस्त्याकडेचे गाजरगवतही पाहावे. (त्याला काँग्रेस गवत का म्हणतात, तो वाद इथे नको.) १९५५ च्या सुमारास पुण्यात आढळलेले हे अमेरिकन तण. त्याच्या परागाने नाक गळते. खुरपणाऱ्या बायकांच्या हातांवर पुरळ उठते ते निराळेच.

हवेतील कार्बन डायऑक्साइड कारखानदारीच्या युगापूर्वी दहा लाखांत २८० भाग होता. आज ४२० हून अधिक आहे. वनस्पतींचे ते अन्नच! अमेरिकेत याच कुळातील रॅगवीडवर प्रयोग झाले, तेव्हा हा वायू वाढवताच झाडाचा पराग वाढला. गाजरगवतही त्याच वाटेने जाईल, असा माझा तर्क आहे. शिवाय अवकाळी पाऊस झाला, की ते पुन्हा उगवून महिनाभरात फुलते. म्हणून फुलण्याआधीच उपटावे, तेही हाताला फडके गुंडाळून.